पत्र्यावरचा पाऊस आणि कोगान

कोगानचं काय झालंय, ते मला एका न घडलेल्या शवपेटीमुळे कळलं.

रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. मुलं झोपली होती. खाली गेटवर वॉचमनने खुर्ची सरकवल्याचा आवाज तेवढा आला. मी संगणकावर ड्वार्फ फोर्ट्रेस हा खेळ खेळत होते, आणि त्यातल्या माझ्या किल्ल्यातला एक म्हातारा कोळी नदीत बुडून मेला होता. त्याच्यासाठी दगडी शवपेटी घडवायला मी सांगून ठेवलं होतं, कारण या खेळात मेलेल्याला जागा मिळाली नाही तर त्याचं भूत होऊन हिंडतं. खेळातले दोन महिने उलटले तरी पेटी तयार नव्हती. दगड होता, कामाची जागा होती, काम कोगान या बुटकीच्या नावावर होतं. मी नकाशा सरकवत तिच्या पाथरवटाच्या ओट्यापर्यंत गेले, तर तिथे ती नव्हती. धान्याच्या कोठारामागे, जिथे कुणाचंच काही काम नसतं अशा कोपऱ्यात ती उभी होती. तिच्या माहितीचं पान उघडलं तर वरच लिहिलं होतं की सोसलेल्या ताणाने तिचा चेहरा ओढून निघाला आहे, ती पार खंगली आहे.

खेळातली सहा वर्षं ती माझ्या किल्ल्यात होती. तिचं पान मी पहिल्यांदा उघडत होते.

खेळाच्या पडद्यावर वरच्या कडेला सात चेहऱ्यांची एक ओळ असते. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला हिरवा, मधे उतरती भाजणी, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली तितपत सुखात किंवा दुःखात असलेल्यांचा आकडा. माझ्या किल्ल्यात त्र्याण्णव बुटके होते आणि लाल चेहऱ्याखाली कित्येक महिने १ हा आकडा होता. मी तो रोज बघत होते. मला वाटायचं तो लोहार असणार. लोहाराने मागे दोनदा खुर्ची मोडली होती, एकाच्या तोंडात मारली होती. मी त्याला चांगली खोली दिली, देवळात जायला सवड दिली, जेवण सुधारलं. तो निवळला. आकडा १ च राहिला, आणि मी धरून चालले की लोहाराला अजून वेळ लागतोय. कोगानने काहीच मोडलं नव्हतं. ती सकाळी उठून दगड वाहायची, दगड घडवायची, झोपायची.

ड्वार्फ फोर्ट्रेस मी गेली तेरा-चौदा वर्षं खेळते आहे, अधूनमधून, आयुष्य सवड देईल तसं. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकेतल्या दोन भावांचं हे काम. २००२ साली सुरू केलेलं, २००६ च्या ऑगस्टमध्ये लोकांपुढे ठेवलेलं, आणि अजून चालू असलेलं. टार्नने स्टॅनफर्डमधून गणितात पीएच.डी. केली, पुढची विद्यापीठातली नोकरी सोडली आणि याच एका गोष्टीला वाहून घेतलं. कितीतरी वर्षं लोकांनी पाठवलेल्या देणग्यांवर दोघांचं घर चाललं. मी खेळायला लागले तेव्हा पडद्यावर चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं आणि चिन्हं. बुटका म्हणजे एक छोटा हसरा चेहरा, झाड म्हणजे एक खूण, शत्रू म्हणजे एक अक्षर. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी पहिल्यांदाच काही व्हिडिओ गेम निवडले, त्यांत हा होता. चित्रांसकट तो २०२२ च्या डिसेंबरात आला. सुरुवातीला तुमच्याबरोबर सात बुटके येतात, लहानपणी गोष्टीत ऐकलेले तेवढेच. एक गाडी, थोडी बी, कुदळी, दारूची पिंपं. डोंगर पोखरायचा, शेतं करायची, किल्ला उभा करायचा. मग वर्षाला दोन-तीनदा लोक राहायला येत जातात. कोगान त्या पहिल्या सातांतली.

पण मला या खेळाशी बांधून ठेवलं ते खोदकामाने नाही. प्रत्येक बुटक्याचं एक पान असतं, आणि त्या पानावर त्याच्या मनात काय काय चाललंय ते लिहिलेलं असतं. काल चांगलं जेवला, बरं वाटलं. मित्र भेटला नाही, उदास झाला. कुणाचं तरी प्रेत बघितलं, हादरला. कोण कशाने लवकर खचतो, कोण कशानेच खचत नाही, कुणाला प्रार्थना केल्याशिवाय चैन पडत नाही, कुणाला वाद घातल्याशिवाय. कुणाला कोणता दगड आवडतो, हेसुद्धा. आठवणींना कप्पे आहेत, नजीकच्या आठवणींसाठी आठ आणि दीर्घकाळच्या आठवणींसाठी आठ. एखादी गोष्ट मनाला लागली आणि वर्षभर पहिल्या कप्प्यात टिकून राहिली की ती दुसऱ्या कप्प्यात जाते, आणि मग बुटका ती पुन्हा पुन्हा जगतो. कधी कधी ती आणखी खोल जाते आणि त्याचा स्वभावच पालटते. धीट माणूस भित्रा होतो. किंवा उलटं.

कोगानच्या दीर्घ आठवणींत पाऊस होता. पावसात भिजले, पावसात भिजले, पावसात भिजले.

बुटक्यांना पावसात भिजणं सोसत नाही. डोंगराच्या पोटात जन्म काढणारी जात ती. उलट धबधब्याचे तुषार अंगावर आले तर त्यांना आनंद होतो, म्हणून जुने खेळाडू जेवणाच्या दालनात पाणी खेळवून कृत्रिम धबधबा करतात. मीसुद्धा केला आहे. पाणी तेच, पण आभाळातून आलेलं नको. मला हे कधी पटलं नव्हतं. आमच्याकडे पावसाची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात. मृगाचं नक्षत्र कोरडं गेलं की गावाचा आवाज बदलतो. पहिला पाऊस आला की आम्ही अंगणात जाऊन उभ्या राहायचो, आईसुद्धा ओरडायची नाही. त्यामुळे खेळात कुणी पावसात भिजून खिन्न झाल्याचं दिसलं की मी ते बारीकसारीक मानून सोडून द्यायचे. दुसऱ्या वर्षी शत्रू येणार म्हणून मी बाहेरची तटबंदी घाईने बांधायला काढली. वसंतापासून शरदापर्यंत काम चाललं. पाऊस होता, मी थांबले नाही. सगळ्यात जास्त दगड कोगानने वाहिले. ती तक्रार करत नव्हती आणि दगड चांगला बसवत होती, म्हणून मी तिलाच पाठवत राहिले.

त्या रात्री पान मिटलं आणि झोपायला गेले. झोप लागेना. डोक्यात पत्र्यावरचा पाऊस वाजायला लागला.

माझे वडील, अण्णा, बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका गावात मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. आम्ही वसतिगृहाला लागूनच्या दोन खोल्यांत राहायचो. साठेक मुलं, एक लांबलचक दालन, वर पत्रे. जूनमध्ये शाळा उघडली की मुलं यायची, पत्र्याची ट्रंक डोक्यावर, ट्रंकेला कुलूप आणि कुलपाची किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधलेली. आंघोळीला उघडी झाली की सगळ्यांच्या कमरेवर किल्ल्या दिसायच्या. पहिले पंधरा दिवस त्या दालनात रात्री कुणी ना कुणी रडायचं. आणि नेमका तेव्हाच पाऊस. ओले गणवेश वाळवायला दालनभर दोऱ्या बांधलेल्या, रॉकेलच्या कंदिलाचा आणि ओल्या खाकीचा वास एकमेकांत मिसळलेला, आणि पत्र्यावर असा दणका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. अण्णा एरवी रात्री एकदा फेरी मारायचे. पाऊस असला की तीन-तीनदा. आईने एकदा विचारलं, एवढ्या पावसात कशाला जाता उठून? अण्णा म्हणाले, “पावसात ऐकू येत नाही ना कोण रडतंय. बघावं लागतं.”

हजेरीच्या वहीशिवाय अण्णांची आणखी एक वही होती. शंभरपानी, खाकी पुठ्ठ्याची. दर मुलाला एक पान. मी ती चोरून वाचायचे, कारण तिच्यात गोष्टीच्या पुस्तकापेक्षा जास्त काही होतं. ‘भाकरी कमी खातो, भात मागतो.’ ‘आईचं पत्र नाही, दोन महिने.’ ‘अंधाराला भितो. दाराशी झोपवू नये.’ ‘चुलता वारला, सांगितलेलं नाही अजून.’ ‘खोटं बोलतो पण धाकट्यांना मारत नाही.’ फार वर्षांनी खेळात बुटक्याचं पहिलं पान उघडलं तेव्हा मला त्या वहीचा वास आला होता, शाईचा आणि कापराच्या वड्यांचा. मी या खेळात का रमले, हे मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, पण आजवर कुणी विचारलेलं नाही.

दंगेखोर मुलांची पानं भरलेली असायची. एकाने जेवताना ताट भिंतीवर फेकलं होतं, आमटीचा ओघळ किती दिवस दिसत होता. अण्णांनी त्याला मारलं नाही, पुढचे आठ दिवस स्वतःच्या शेजारी जेवायला बसवलं. खेळातही असेच असतात. थयथयाट करणारे, टेबलं मोडणारे, मारामाऱ्या करणारे. आणि खेळात त्याचं एक चक्र असतं, ज्याला सगळे खेळाडू वचकून असतात. अक्षरांच्या जमान्यात माझा एक किल्ला असाच गेला. एक शिकारी रानात मेला, त्याच्या बायकोने दुःखाने बिथरून स्वयंपाक्याला मारलं, स्वयंपाक्याचा भाऊ बिथरला, त्याने आणखी कुणाला. प्रत्येक मेलेल्याला मित्र होते, प्रत्येक मित्राला घर होतं. साठातले नऊ उरले, एका ऋतूत. त्यानंतर मी आरडाओरडा करणाऱ्यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला शिकले. किल्ला वाचवायचा तर ते लागतंच. पण त्या नजरेला सवय लागते. जो ओरडत नाही तो ठीक आहे, असं ती धरून चालते. मग कोगानसारखी सहा वर्षं डोळ्यांसमोर राहून दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं. तिच्या नावची सगळी कामं काढून घेतली. तिला संगमरवर आवडतो असं पानावर लिहिलं होतं, म्हणून संगमरवराची खोली केली, भिंती गुळगुळीत करवून त्यांवर कोरीव काम करवलं, आत पलंग, पेटी, कपाट, एक पुतळा. ती ज्या देवाला मानते त्याचं वेगळं देऊळ बांधलं. जेवणघरातला धबधबा बंद पडला होता तो चालू करवला. बाहेर जाणाऱ्या वाटेवर छप्पर घातलं. खोली बघून तिला बरं वाटलं. जेवणानं बरं वाटलं. तुषारांनी बरं वाटलं. हे सगळं पानावर उमटत होतं, आणि चेहरा लालचा लाल. मग मी तिच्या गरजांची यादी नीट वाचली. प्रार्थना झाली होती, मित्र भेटले होते. एकच गोष्ट लाल अक्षरांत होती. घरच्यांबरोबर राहायला मिळालेलं नाही, फार दिवसांत. तिला आई होती, वडील होते, दोन भाऊ. सगळे डोंगरातल्या मूळ गावी, माझ्या नकाशाच्या बाहेर. आणि घरच्यांची ओढ तिच्या स्वभावात इतरांपेक्षा खूप जास्त, असं तिच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. तिला मी पहिल्या गाडीतून इकडे आणलं होतं.

एक गोष्ट खेळाच्या हिशेबात धरलेली नाही, पण मी धरते. सहा वर्षांत किल्ल्यात जेवढे मेले, त्या सगळ्यांच्या शवपेट्या तिने घडवल्या होत्या.

१९९२ सालची दिवाळी. सुट्टीत वसतिगृह रिकामं व्हायचं. पण दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि कित्येक मुलांची घरं कुलूपबंद व्हायची. आई-बाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर, उचल घेतलेली, ती फेडल्याशिवाय यायचं नाही, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. आजी-आजोबा असले तर मुलं गावी जायची. नसले तर इथेच. त्या वर्षी पाच मुलं राहिली होती. त्यांतला एक सातवीतला. मी पाचवीत. त्याचं नाव मी लिहीत नाही. अण्णांच्या वहीत त्याच्या पानावर चारच शब्द होते. ‘कष्टाळू आहे. तक्रार नाही.’

आम्ही अंगणात किल्ला केला. दगड त्याने आणले, ओढ्यातून, डोक्यावरून, एकट्याने. पोती चिखलात बुडवून त्याने ती अशी पसरली की खरे कडे दिसावेत. बुरूज, पायऱ्या, गुहा, सगळं त्याच्या हातचं. अळीव पेरले. मी फक्त मावळे मांडले, महाराजांना वर बसवलं आणि हुकूम सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर किल्ल्याच्या पायथ्याशी त्याने उसाच्या पाचटाच्या छोट्या छोट्या कोप्या, ऊसतोडीवरच्या झोपड्या असतात तशा, करून ओळीने लावल्या होत्या. सात-आठ. एकीच्या पुढ्यात तीन खड्यांची चूल. मला राग आला. मी म्हटलं, किल्ल्यावर कोप्या नसतात. काढ त्या. तो काही बोलला नाही. एक एक कोपी उचलून त्याने हाताच्या ओंजळीत घेतली आणि कुठेतरी नेऊन ठेवली. फेकली नाही. ओंजळ धरून तो दालनाच्या मागे गेला, ते मला अजून दिसतं.

भाऊबीजेच्या रात्री तो गेला. गावातून उशिराने निघालेल्या एका टोळीच्या ट्रकमध्ये, भांडी-कुंडी, शेळ्या, पोरंबाळं यांच्या गर्दीत तो चढला आणि कुणाला कळलं नाही. ट्रंक इथेच. अण्णा दोन दिवस वेड्यासारखे मुकादमांच्या घरी फिरत होते. ठावठिकाणा लागल्यावर रात्रीच्या एसटीने गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते एकटेच. आई दारातच म्हणाली, अहो, आणलं नाही त्याला? अण्णांनी पायावर पाणी घेतलं, चूळ भरली आणि सांगितलं, “पहाटे पोचलो. कोपीत आईच्या अंगाला चिकटून झोपला होता. ती बसली होती जागी, फडावर जायचं होतं तरी. मी उठवलं नाही.”

हजेरीच्या वहीत अण्णांनी त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं नाही. ‘घरी’ असं लिहिलं. त्या कॉलमात असा शब्द चालत नव्हता. हजर मुलांवर अनुदान मिळायचं, तपासणीला आलेल्यांनी अण्णांना त्यावरून पुष्कळ ऐकवलं. पुढे पाडव्यानंतर पट्टा पडला, टोळ्या आल्या, आणि तो वडिलांबरोबर ट्रंक न्यायला आला. ट्रंक अण्णांनी आमच्या घरात, त्यांच्या पलंगाखाली ठेवली होती. त्याने सदरा वर करून करदोट्याची किल्ली सोडली, कुलूप उघडलं, आत बघितलं, परत लावलं. माझ्याकडे बघून किंचित हसला. ट्रंकेत पाचट होतं का, हे बघायला मी मान लांब केली होती. दिसलं नाही. तो पुन्हा शाळेत आला नाही. पुढच्या हंगामात त्याच्या हातात कोयता होता, असं कळलं.

हा भाग मला नीट जुळवता येत नाही. अण्णांनी केलं ते बरोबर होतं, असं मी लहानपणापासून मानत आले. पण अण्णा मानत नव्हते. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, बरीच नावं विसरतात, दुपारी गॅलरीत बसून असतात. मध्येच कधीतरी, दुसऱ्याच कशाबद्दल बोलणं चाललेलं असताना, मला विचारतात, “उठवायला पाहिजे होतं का गं त्याला?” मी काय सांगू? उठवलं असतं तर दहावी झाला असता कदाचित. उठवलं असतं तर त्या पत्र्याखाली आणखी चार वर्षं गप्प झोपला असता. मी त्यांना चहा विचारते.

वसतिगृहात स्वयंपाकाला एक मावशी होत्या. भाकऱ्या थापायच्या, साठ मुलांच्या, दोन वेळा. मुलं अण्णांना भीत, मावशींना भीत नसत. संध्याकाळी चुलीपाशी एखादं पोर उगाच लाकूड सरकवत बसलेलं असायचं. मावशी काही विचारायच्या नाहीत. थापता थापता म्हणायच्या, “रडून घे लेकरा, धुराचं नाव सांग.” आणि ते पोर खरोखरच रडायचं, धुराचं नाव सांगून. हे त्यांचं काम नव्हतं, त्याचा पगार नव्हता. अण्णा त्यांना रोज रात्री विचारायचे, आज कोण होतं? आणि वहीत लिहायचे. तो मुलगा मात्र कधी चुलीपाशी गेला नाही. मावशींना पाणी भरून द्यायचा, लाकडं फोडून द्यायचा आणि जायचा. मावशी नंतर म्हणाल्या होत्या, “माझंच चुकलं. हात चालले त्याचे, म्हनून मी त्याचं तोंड बगितलं न्हाई.”

खेळात याची सोय आहे, हे मला माहीत होतं, पण मी तिला कधी महत्त्व दिलं नव्हतं. फार खचलेला बुटका किल्ल्याच्या प्रमुखाकडे जातो. तिथे आरडाओरडा करतो किंवा रडतो. प्रमुखाला हळूहळू समजूत घालायचं कौशल्य येत जातं. आणि रडणाऱ्याच्या पानावर ओळ उमटते, कुणा जबाबदार माणसापाशी रडता आलं म्हणून बरं वाटलं. पन्नासांवर वस्ती गेली की महापौर निवडला जातो, माझ्याकडेही होता. पण तो चांगला कुऱ्हाडबहाद्दर निघाला म्हणून मी त्याला सैन्याच्या तुकडीत घातलं होतं. महिनोन्‌महिने तो तालमीतच असायचा. म्हणजे किल्ल्यात रडायला जागाच नव्हती. मी त्याला तुकडीतून काढलं, एक खोली दिली, टेबल-खुर्ची दिली. अकरा दिवसांनी कोगान तिथे गेली. दोघांची चिन्हं एकमेकांशेजारी बराच वेळ होती. मी काही क्लिक केलं नाही. नंतर पान उघडलं. रडली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा.

लाल चेहरा नारिंगी झाला. दोन महिने तसा राहिला. मग एकदा वळवाचा पाऊस आला, ती छपराखालीच होती, भिजली नव्हती, पण आठवणींच्या कप्प्यातून तो पाऊस वर आला आणि पुन्हा लाल.

त्या दिवसांत मी एक वही केली. शंभरपानी मिळाली नाही, दोनशेपानी आणली. आठवड्यातून एकदा खेळ थांबवून त्र्याण्णव पानं उघडते आणि एकेकाबद्दल ओळ लिहिते. तीन-चार बैठका जातात. नवरा एकदा शेजारी येऊन बसला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, अण्णांसारखं अक्षर झालंय तुझं. त्या वहीमुळे मला आणखी दोघे सापडले. एक सुतार, ज्याचा मित्र शत्रूने मारला होता. एक मुलगी, दूध काढणारी, जिचं काहीच झालं नव्हतं, फक्त तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. ते दोघे आता बरे आहेत. त्यांना जे हवं होतं ते माझ्या डोंगरात होतं.

कोगानला हवं होतं ते नव्हतं. दर वसंतात लोक राहायला आले की मी प्रत्येकाचे नातेवाईक तपासत होते, कुणीतरी तिचा भाऊ निघेल म्हणून. दोनदा आले, एकदा सात जण, एकदा बारा. कुणीच तिचं नव्हतं.

बुटक्याच्या पानावर एक कळ आहे, हद्दपारीची. कुणालाही किल्ल्याबाहेर घालवता येतं. बरेच खेळाडू दुःखी बुटक्यांचा असाच निकाल लावतात. लाल चेहरा नकाशाच्या काठाशी गेला की आकडा सुधारतो. मला त्या कळीची कायम चीड होती. माणसाचं सहा वर्षांचं काम घ्यायचं, आणि ती मोडली की दार दाखवायचं. मी स्वतःला सांगितलं होतं की ही कळ कधी दाबायची नाही. आणि आता रोज रात्री मी तिचं पान उघडून त्या कळीकडे बघत बसत होते, कारण या खेळात तिच्या घराकडे जाणारी तेवढीच वाट होती. कळ एकच. कोण कशासाठी दाबतं, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. मी दाबली तर त्यात माझी सुटका किती आणि तिची किती? लाल चेहऱ्याखालचा तो १ मला खुपत होता, हेही खरं होतं. अण्णा रिकाम्या हाताने एसटीत बसले तेव्हा त्यांच्याही मनात असंच काहीतरी असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. तेवीस तासांचा प्रवास होता तो, जाऊन-येऊन.

मागच्या रविवारी अण्णांना विचारलं. खेळाचं काही सांगितलं नाही, त्यांना कळलंही नसतं. नुसतं विचारलं, तुम्ही त्याला उठवलं नाही, ते कुणासाठी? त्यांनी खूप वेळ रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं विसरले. मग म्हणाले, “त्याच्या आईनं माझ्याकडं बघितलं होतं.”

काल रात्री, सगळं आवरून, मी बसले. शरद संपत आला होता, आभाळ कोरडं होतं. कोगानचं पान उघडलं, कळ दाबली. तिच्याजवळ त्या वेळी एक दगड होता. मी कामं काढून घेतली होती तरी कुठलातरी दगड उचलून ती निघाली होती. तो तिने तिथेच खाली ठेवला. दालनातून, जेवणघरातून, धबधब्याजवळून, छपराच्या वाटेने ती बाहेर आली. तटाच्या दारातून गेली, ज्याच्या दोन्ही बाजूंचे दगड तिने वाहिले होते. नकाशा मोठा आहे, काठ लांब. मी वेग वाढवला नाही. ती एका ठिकाणी थोडी थांबली, ओढ्यापाशी, मग पुढे चालू लागली. पश्चिमेच्या काठाशी एक चौकोन शिल्लक असताना मी खेळ थांबवला आणि उठून पाणी प्यायले. परत येऊन चालू केला.

वर लाल चेहऱ्याखाली ० आला. मी वही ओढून तिचं पान काढलं, तारखेच्या रकान्यात शरदाचा शेवटचा महिना लिहिला आणि पुढे लिहिलं, घरी.